चीनमधल्या शहरात पहिल्यांदा राहायला जाताना

ऑक्टोबर २०२५मध्ये कोलकाता–ग्वांगझोऊ थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात दिल्लीहूनही ग्वांगझोऊचं विमान सुटू लागलं. २०२०पासून बंद असलेली ही वाट मोकळी झाल्यावर वाचकांची विचारणा वाढली आहे. कोणी व्यापारी जत्रेला निघालंय, कोणाला कंपनी दोन वर्षांसाठी पाठवतेय, कोणी तिथे शिकणाऱ्या मुलाकडे महिनाभर राहायला जाणार आहे. प्रश्न मात्र तेच आहेत. यूपीआय चालतं का? व्हॉट्सॲपचं काय? मुलाच्या घरी उतरलो तरी पोलिसांत नोंद करावी लागते, हे खरं का?

खरं आहे. आणि ती नोंद चोवीस तासांत करावी लागते.

या लेखात मी उदाहरण म्हणून ग्वांगझोऊ घेतलं आहे. जुन्या लोकांना हे शहर कँटन म्हणून ठाऊक आहे. १९५७पासून इथे कँटन फेअर भरते आणि आपल्याकडचे छोटे-मध्यम उद्योजक चीनला पहिल्यांदा जातात ते बरेचदा इथेच. व्हिसा, नोंदणी, पैसे आणि हक्क यांबद्दल पुढे जे नियम सांगितले आहेत, ते मात्र देशभर सारखेच आहेत. चिनी शहरांत पासपोर्ट, फोन नंबर आणि पैसे देण्याची सोय एकमेकांत गुंतलेली असते. एक अडलं की बाकीची दोन्हीही अडतात. म्हणून विमानतळावर उतरून बघू, असं म्हणू नका. निम्मं काम घरूनच करून निघा.

व्हिसा: अक्षर आणि प्रवेशांची संख्या

व्हिसाचा प्रकार एका अक्षरावरून ओळखतात.

- पर्यटनासाठी एल, व्यापारी भेटीसाठी एम.
- नोकरीसाठी झेड.
- सहा महिन्यांहून मोठ्या शिक्षणक्रमासाठी एक्स-१, छोट्यासाठी एक्स-२.
- तिथे नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्या मुलाकडे, मुलीकडे किंवा जोडीदाराकडे १८० दिवसांपर्यंत राहायला जायचं असेल तर एस-२.

व्हिसा हातात आल्यावर त्यावरच्या तीन नोंदी नीट वाचा: कोणत्या तारखेपर्यंत चीनमध्ये शिरायचं, किती वेळा शिरता येईल आणि दर वेळी किती दिवस राहता येईल. पहिली तारीख ही परत निघण्याची तारीख नव्हे. हा घोळ फार होतो. मुक्कामाचे दिवस प्रवेशापासून मोजले जातात. मुदत उलटून गेल्यास सौम्य प्रकरणात ताकीद मिळते, गंभीर प्रकरणात दिवसाला ५०० युआन असा १०,००० युआनपर्यंत दंड किंवा ५ ते १५ दिवसांची कोठडी होऊ शकते. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या किमान सात दिवस आधी शहराच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात अर्ज द्या.

दुसरा सापळा हाँगकाँगचा. ग्वांगझोऊहून वेगवान गाडीने हाँगकाँगच्या पश्चिम कौलून स्टेशनला साधारण तासाभरात पोचता येतं, त्यामुळे ‘एक दिवस जाऊन येऊ’ असं सहज ठरतं. पण हाँगकाँगला जाणं म्हणजे चीनच्या मुख्य भूमीतून बाहेर पडणं. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही, हॉटेलात ठेवलेलं सामान तिथेच राहील. जाण्याचा जरासा जरी बेत असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. शिवाय हाँगकाँगसाठी भारतीयांना निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती मंजूर झाली की १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं.

समाजमाध्यमांवर ‘चीनमध्ये दहा दिवस व्हिसाविना’ असे व्हिडिओ फिरतात. ती २४० तासांची सवलत ५५ देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. त्या भरवशावर तिकीट काढू नका.

पैसे: घरूनच जुळवून निघा

चीनमध्ये भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळे फोनवरच्या क्यूआर कोडने पैसे घेतात. अलिपे आणि वीचॅट पे हे त्यातले दोन मुख्य मार्ग. यूपीआयच्या भरवशावर मुळीच जाऊ नका. २०२३च्या उन्हाळ्यापासून या दोन्ही ॲपना परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतात. आपल्यासाठी हीच खरी सोय आहे.

एक अडचण फक्त भारतीयांचीच आहे. वीचॅटवर भारत सरकारने जून २०२०मध्ये बंदी घातली, त्यामुळे ते इथून तयार ठेवता येत नाही. तिथे पोचल्यावर खातं उघडताना बरेचदा आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या व्यक्तीने कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते. यजमान, पुरवठादार किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षातले लोक ही मदत करतात. म्हणून मुख्य भिस्त अलिपेवर ठेवा आणि ते निघण्याआधी आपल्या फोनवर उतरवून सुरू होतं का, हे पाहा. क्रम असा ठेवा:

१. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. आपल्याकडे नव्या कार्डावर ते मुळात बंद असतात. ऑनलाइन वापर आणि एटीएम हे दोन्ही पर्याय वेगवेगळे चालू करावे लागतात.

२. शक्यतो दोन बँकांची दोन कार्डं जोडा. एक नाकारलं गेलं तर दुसरं चालेल.

३. पासपोर्टाचा फोटो देऊन ॲपमधली ओळखपडताळणी पूर्ण करा.

४. भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणार आहे. सिम घरी ठेवून गेलात तर खिशातलं कार्ड निरुपयोगी ठरेल. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे.

नावाचीही काळजी घ्या. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा पतीचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात. चिनी ॲपमध्ये, रेल्वेच्या तिकिटावर आणि सिमच्या अर्जावर नाव भरताना वडिलांचं नाव गाळू नका, क्रम बदलू नका आणि स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच ठेवा. एका ठिकाणी तीन नावं आणि दुसरीकडे दोन असतील तर पडताळणी नाकारली जाते आणि का नाकारली, हे पडद्यावर कळतही नाही.

२०० युआनपर्यंतच्या खरेदीवर ॲप शुल्क घेत नाही, त्यावरच्या व्यवहाराला ३ टक्के लागतात. तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क निराळं. परदेशी कार्डावरून दुकानदाराला पैसे देता येतात, पण एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला पाठवता येत नाहीत. त्यामुळे एखाद्या टपरीवाल्याने स्वतःचा खासगी कोड पुढे केला आणि पैसे गेले नाहीत, तर तुमच्या फोनमध्ये बिघाड शोधत बसू नका. अशा वेळी रोख लागते. ५०० ते १,००० युआन सुट्या नोटांत जवळ ठेवा. सगळ्यात मोठी नोट १०० युआनची असते. व्यापाऱ्याने रोख नाकारणं तिथे नियमबाह्य आहे, त्यामुळे सुटे नसल्याची सबब ऐकून लगेच माघार घेऊ नका, पण सुटे आपणच बाळगलेले बरे. मोठ्या बँकांच्या एटीएममधून व्हिसा-मास्टरकार्डवर पैसे निघतात. भारतातून नेताना ५,००० डॉलरहून अधिक परकीय रोकड असेल तर चिनी सीमाशुल्काकडे ती जाहीर करावी लागते.

फोन आणि इंटरनेट

गूगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चीनच्या इंटरनेटवर बंद आहेत. हॉटेलच्या वायफायवर ती चालणार नाहीत. भारतीय सिमवर रोमिंगचा डेटा पॅक असेल तर तुमचा डेटा साधारणपणे मूळ कंपनीच्या जाळ्यातून फिरतो आणि ही ॲप सुरू राहतात. आठ-दहा दिवसांच्या मुक्कामाला हाच सोपा आणि सरळ मार्ग. परवानगी नसलेले व्हीपीएन वापरणं तिथल्या नियमांत बसत नाही. ‘सगळेच वापरतात’ हे ऐकून त्यावर विसंबण्याचा सल्ला मी देणार नाही.

महिनाभर किंवा जास्त राहायचं असेल तर चिनी सिम घ्याच. चायना मोबाइल, चायना युनिकॉम आणि चायना टेलिकॉम या तीन कंपन्या आहेत. त्यांच्या मोठ्या, अधिकृत शाखेत पासपोर्ट घेऊन स्वतः जा, कारण तिथे चेहऱ्याचा फोटो काढून खऱ्या नावाने नोंद होते. दुसऱ्याच्या नावावरचं सिम स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. पुढे बँक खातं, भाड्याचं घर, रुग्णालयाची वेळ, सगळं त्याच नंबराशी जोडलं जातं.

गूगलचा नकाशा चीनमध्ये रस्त्यांची जागा चुकवतो. आयफोनवर ॲपलचा नकाशा ठीक चालतो. अँड्रॉइडवाल्यांनी गाओदे हे चिनी नकाशा ॲप घ्यावं, त्यात इंग्रजीची सोय आहे. भाषांतराच्या ॲपमधली चिनी भाषा इंटरनेटविना चालेल अशी आधीच उतरवून ठेवा. आणि राहत्या ठिकाणाचा पत्ता चिनी लिपीत, मोठ्या अक्षरात, फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या. इंग्रजी पत्ता बहुतेक टॅक्सीचालकांना वाचता येत नाही.

सामानातून आधीच काढून ठेवा

- खसखस. अंकुरण्याची क्षमता असलेल्या अफूच्या बिया जवळ बाळगणं तिथे गुन्हा ठरू शकतो. गोडा मसाला किंवा अनारसे पाठवणाऱ्या आईला हे आवर्जून सांगा.
- ताजी फळं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, बियाणं, मांस, लोणी, चीज. वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य ताज्या वस्तूंना सीमाशुल्कात अटकाव होतो.
- चीनच्या प्रमाणनाची ‘३सी’ खूण नसलेली पॉवर बँक. २८ जून २०२५पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत अशी पॉवर बँक नेऊ देत नाहीत. भारतात घेतलेल्या अनेक पॉवर बँकांवर ही खूण नसते. ग्वांगझोऊहून शांघायला विमानाने जाणार असाल तर तपासणीच्या दाराशी ती सोडून द्यावी लागेल.

नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. झोपेच्या गोळ्या किंवा तीव्र वेदनाशामक असतील तर चिठ्ठीत मात्राही लिहिलेली हवी. विजेची सॉकेटं वेगळी असतात, अडॅप्टर विसरू नका.

पहिले चोवीस तास

चीनच्या २०१३पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार प्रत्येक परदेशी माणसाचा मुक्काम पोलिसांकडे नोंदलेला असावा लागतो. हॉटेलात उतरलात तर स्वागतकक्षात पासपोर्ट दिला की हॉटेलच ती नोंद करतं, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. मुलाच्या खोलीवर, मित्राकडे, भाड्याच्या घरात किंवा ऑनलाइन घेतलेल्या खासगी घरात उतरलात तर मात्र पोचल्यापासून २४ तासांच्या आत तुम्ही किंवा तुमच्या यजमानाने स्थानिक पोलीस चौकीत नोंद करायची असते. न केल्यास ताकीद आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

चौकी म्हटली की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. इथे तसं काही नाही. हे रोजचं कारकुनी काम आहे, त्याला फी नसते आणि कागद पूर्ण असतील तर थोड्या वेळात उरकतं. बरोबर न्या:

- पासपोर्ट, आणि व्हिसा व प्रवेशाचा शिक्का असलेल्या पानांच्या प्रती.
- भाडेकरार, किंवा यजमानाचं ओळखपत्र.
- घराच्या मालकीच्या कागदाची प्रत. ती घरमालकाकडून आधीच मागून ठेवा.
- शक्य असेल तर स्वतः घरमालक किंवा यजमान.

काही शहरांत ही नोंद फोनवरूनही करता येते. कोणत्याही मार्गाने केली तरी मिळणारी पावती जपा. व्हिसाची मुदत वाढवताना, निवास परवाना काढताना हीच पावती मागतात. घर बदललं की नव्याने नोंद करा. देशाबाहेर जाऊन परत आलात तर पुन्हा करावी लागते का, हे आपल्या चौकीत विचारून घ्या, कारण अनेक ठिकाणी लागते. दिवाळीला घरी येऊन परतणारी मुलं नेमकी हे विसरतात आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दंड भरतात.

झेड किंवा एक्स-१ व्हिसावर गेलेल्यांना आणखी एक मुदत पाळावी लागते. प्रवेशानंतर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज द्यायचा. हे काम कंपनी किंवा विद्यापीठ करून देतं, पण तारीख तुम्ही लक्षात ठेवा. दंड तुमच्या नावाने होतो.

सोळा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट कायम जवळ बाळगावा, असं कायदा सांगतो. रेल्वे, संग्रहालयं, सिमचं दुकान, सगळीकडे मूळ पासपोर्टच मागतात. फोटो चालत नाही.

‘परदेशी पाहुणे घेत नाही’ असं हॉटेलने म्हटलं तर

छोट्या हॉटेलांत हे अजूनही ऐकू येतं. परदेशी पाहुण्यांची नोंद संगणकावर कशी भरायची हे तिथल्या मुलाला ठाऊक नसतं, एवढंच कारण बरेचदा असतं. केवळ परदेशी आहे म्हणून पाहुण्याला नाकारू नये, असं सरकारने २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. शांतपणे १२३६७ या क्रमांकावर फोन लावा. ही राष्ट्रीय स्थलांतर प्रशासनाची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. फोन हॉटेलच्या कर्मचाऱ्याच्या हातात द्या. रात्री उशिरा, लहान मुलं बरोबर असताना, हक्कासाठी वाद घालत बसण्यापेक्षा दुसरं हॉटेल गाठणं शहाणपणाचं. तक्रार दुसऱ्या दिवशीही करता येते. कँटन फेअरच्या काळात, म्हणजे साधारण १५ एप्रिल ते ५ मे आणि १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर, खोल्यांचे दर खूप चढतात. तेव्हा निघण्याआधीच हॉटेलला लिहून खात्री करून घ्या.

शहरात आणि शहराबाहेर फिरताना

ग्वांगझोऊची मेट्रो स्वस्त आणि स्वच्छ आहे. भाडं २ युआनपासून सुरू होतं आणि स्टेशनांची नावं इंग्रजीतही असतात. प्रत्येक स्टेशनात सामान यंत्रातून जातं, त्याचा वेळ धरा. विमानतळावरून येणारी तीन क्रमांकाची मार्गिका कचेऱ्यांच्या वेळेत खचाखच भरते. मोठ्या बॅगा घेऊन त्या वेळी तिच्यात चढू नका. अलिपेमध्येच शहर निवडून मेट्रोचा क्यूआर कोड मिळतो.

टॅक्सीसाठी दीदी ही सेवा अलिपेच्या आतूनच मागवता येते. गाडीत बसल्यावर चालक तुमच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो. ते पडद्यावर लिहून दाखवा. विमानतळावर किंवा स्टेशनबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडे वळू नका, अधिकृत रांगेतच उभे राहा. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीनमध्ये मानत नाहीत, त्यामुळे गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवण्याचा बेत नको.

लांबच्या प्रवासाला वेगवान रेल्वे उत्तम. रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत ॲपवर किंवा ट्रिप डॉट कॉमवर तिकीट मिळतं आणि विक्री साधारण १५ दिवस आधी सुरू होते. तिकीट म्हणजे तुमचा पासपोर्टच, कागद लागत नाही. यंत्राच्या दाराने पासपोर्ट वाचला नाही तर बाजूच्या, कर्मचारी बसलेल्या खिडकीकडे जा. तिकिटावरचं स्टेशन मात्र नीट पाहा. ग्वांगझोऊ दक्षिण, ग्वांगझोऊ पूर्व, नुसतं ग्वांगझोऊ आणि डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालेलं ग्वांगझोऊ बाययुन ही चार वेगळी स्टेशनं आहेत. दक्षिण स्टेशन शहराच्या मध्यापासून बरंच दूर, मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या मार्गिकेच्या टोकाला आहे. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी दार बंद होतं आणि मग विनवण्या चालत नाहीत. पाऊण ते एक तास हाताशी ठेवून पोचा.

१ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणारं चिनी नववर्ष, या दोन काळांत प्रवास टाळता आला तर टाळा. नववर्षाला कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात. व्यापारासाठी जाणाऱ्याची फेरी फुकट जाईल.

शाकाहारी असाल तर

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. त्यातून डुकराचं मांस नको, इतकाच अर्थ घेतला जाऊ शकतो, आणि मग भाजीत सुकी कोलंबी, कोंबडीचं पाणी किंवा कालवांचं सॉस येतं. काय काय चालत नाही, त्याची यादी चिनी लिपीत करून फोनमध्ये ठेवा: मांस, कोंबडी, मासे, कोलंबी, कालवांचं सॉस, चरबी, आणि खात नसाल तर अंडं. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी उपाहारगृहं सगळ्यात खात्रीची. ग्वांगझोऊत बेजिंग रोडजवळच्या दाफो मंदिरापाशी असं ठिकाण आहे. बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, जैन वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. ‘खरंच शाकाहारी का’ म्हणून मांसासारख्या दिसणाऱ्या पदार्थांना घाबरू नका, ते सोया आणि गव्हाच्या प्रथिनाचे असतात. नळाचं पाणी थेट पिऊ नका. उकळलेलं पाणी स्टेशनांत, विमानतळावर, हॉटेलात सगळीकडे मिळतं.

आजारी पडलात तर

तिथे कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर नसतो. ताप आला तरी लोक सरकारी रुग्णालयातच जातात. आधी पासपोर्ट दाखवून नावनोंदणीचे पैसे भरायचे, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी. प्रत्येक टप्प्याला आधी पैसे लागतात. मोठ्या रुग्णालयांत परदेशी रुग्णांसाठी वेगळा विभाग असतो. तिथे इंग्रजी मिळतं, दर मात्र चढे असतात. रुग्णवाहिकेचा क्रमांक १२०, तीही सशुल्क. प्रवास विम्याची कंपनी आधी पैसे भरते की नंतर परत देते, हे निघण्यापूर्वी विचारा. नंतर परत देणार असेल तर प्रत्येक वेळी ‘फापियाओ’ म्हणजे सरकारी क्रमांकाचं अधिकृत बिल मागून घ्या. साध्या पावतीवर दावा अडतो.

घर भाड्याने घेताना

एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, ही पद्धत सर्रास आहे. दलाली वेगळी. करारावर सही करण्याआधी घरमालकाला सरळ विचारा: पोलीस नोंदणीसाठी मालकीचा कागद देणार का? नाही म्हणाला तर घर कितीही आवडलं तरी सोडा. त्या कागदाशिवाय तुमची नोंद अडेल आणि नोंदीशिवाय परवाना. ताबा घेताना भिंती, गादी, एसी, विजेच्या मीटरचे आकडे यांचे फोटो तारखेसह काढून घरमालकाला पाठवा. अनामत परत मिळण्याच्या भांडणात हेच कामी येतात. दक्षिण चीनमध्ये वसंताच्या सुमारास भिंतींना अक्षरशः पाणी सुटतं, म्हणून ओलीचे डाग आधीच टिपून ठेवा.

नोकरी आणि व्यापार: हक्क आणि धोके

व्यापारी किंवा पर्यटक व्हिसावर पगारी काम करणं बेकायदा आहे. ‘आधी या, व्हिसा नंतर बदलू’ म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहा. पकडले गेलात तर ५,००० ते २०,००० युआन दंड आणि गंभीर प्रकरणात कोठडी होते. विद्यार्थ्यांनीही परवानगीशिवाय शिकवण्या किंवा हॉटेलातलं काम घेऊ नये. नोकरीवर रुजू झाल्यावर महिन्याभरात लेखी करार मिळायला हवा. तुमचा पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ कंपनीकडे जमा करू नका. परवान्याच्या कामाला दिलात तर त्याची पोच घ्या.

व्यापाऱ्यांना थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यांचं नुकसान मोठं होतं. डिसेंबर २०११मध्ये यीवू या घाऊक बाजाराच्या शहरात दोन भारतीयांना स्थानिक विक्रेत्यांनी थकबाकीपोटी डांबून ठेवलं होतं. ज्या कंपनीची थकबाकी होती, तिचा मालक निघून गेला होता. त्यानंतर भारतीय दूतावासाला व्यापाऱ्यांसाठी इशारा काढावा लागला. दिवाणी वाद प्रलंबित असेल आणि न्यायालयाने तसं ठरवलं, तर परदेशी माणसाला देशाबाहेर जाण्यापासून रोखता येतं, अशी तरतूदही कायद्यात आहे. म्हणून दुसऱ्याच्या कंपनीचे ‘प्रतिनिधी’ म्हणून बिलांवर सह्या करण्यापूर्वी देणं कोणाचं आहे, ते लेखी ठरवा. पुरवठादाराचा व्यवसाय परवाना पाहा. परवान्यावरचं नाव, करारावरच्या लाल गोल शिक्क्यातलं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच आहे का, हे चिनी लिपीतच ताडून बघा. मालकाच्या किंवा ‘मॅनेजर’च्या खासगी खात्यात पैसे पाठवू नका. करार चिनी भाषेतही असू द्या. उरलेली रक्कम माल तपासून झाल्यावरच द्या. ऐनवेळी ईमेलवर बँक खातं बदलल्याचं कळलं, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.

ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू सात दिवसांत कारण न देता परत करता येते. दुकानाने फसवलं तर ग्राहक तक्रारीसाठी १२३१५ हा क्रमांक आहे. पर्यटनस्थळी इंग्रजीचा सराव करायचाय म्हणून चहाला नेणाऱ्या अनोळखी तरुण-तरुणींबरोबर जाऊ नका. बिल हजारांत येतं.

पोलीस, पासपोर्ट आणि दूतावास

लक्षात ठेवण्याचे क्रमांक: पोलीस ११०, आग ११९, रुग्णवाहिका १२०, रस्ते अपघात १२२, शहराची सर्वसाधारण तक्रार १२३४५.

रस्त्यात पोलिसाने पासपोर्ट मागितला तर द्या, वाद घालू नका. ताब्यात घेतलं गेलं तर भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करणं हा तुमचा हक्क आहे. चिनी भाषेतला मजकूर समजला नाही तर त्यावर सही करण्याआधी दुभाष्या मागा. भारताचे वाणिज्य दूतावास ग्वांगझोऊ, शांघाय आणि हाँगकाँगला आहेत, राजदूतावास बेजिंगला. आपल्या शहराचा दूतावास कोणता आणि त्याचा तातडीचा फोन क्रमांक कोणता, हे अधिकृत संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्या.

पासपोर्ट हरवला तर क्रम चुकवू नका. आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार, मग शहराच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयातून हरवल्याचा दाखला, तो घेऊन भारतीय दूतावासात नवा पासपोर्ट किंवा तातडीचं प्रवासपत्र, आणि शेवटी पुन्हा प्रवेश-निर्गमन कार्यालयातून बाहेर पडण्याचा व्हिसा. नवा पासपोर्ट मिळाला की लगेच विमान गाठता येईल, असं समजू नका. या शेवटच्या टप्प्यालाही वेळ लागतो, तिकीट त्यानुसार पुढे ढकला. व्हिसाच्या आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानांचे फोटो घरच्या माणसाकडे आधी पाठवून ठेवलेले असतील तर चारही टप्प्यांत काम सोपं होतं.

परत निघताना

एका दुकानात एका दिवशी २०० युआन किंवा अधिक खरेदी केली असेल आणि दुकान करपरताव्याच्या योजनेत असेल, तर पासपोर्ट दाखवून तिथेच अर्ज भरून घ्या. वस्तू न वापरलेल्या आणि हाताशी हव्यात. विमानतळावर बॅगा जमा करण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर त्या दाखवायच्या असतात. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की परतावा मिळत नाही, म्हणून त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.